खोळीखालचा हिरवा ठिपका

धाकटीने की-बोर्डवरची काळी खोळ जराशी उचलून आत डोकावलं. आत नुसता काळोख. ठिपका नाही, पट्टी नाही, काही म्हणजे काही नाही.

अंधारात चमकणारे ते स्टिकर तिनेच काल घरी बसून जीव ओतून लावले होते. बासरीच्या आवाजाच्या बटणावर गोल ठिपका, की-बोर्डच्या कडेला पट्टी, स्टुलाच्या पायांना एकेक तुकडा. ट्यूबलाइट बंद केल्यावर सगळं असं हिरवंगार उजळलं की ताईने टाळ्याच वाजवल्या. मग ते घासून निघू नयेत म्हणून या शहाणीने सगळं सामान जाड खोळीत गुंडाळलं, तसंच टेम्पोतून आणलं आणि रंगमंचावर मांडलं तेही झाकूनच. जपायचं म्हणून किती जपावं! हे स्टिकर आधी उजेड पितात आणि मग अंधारात तो परत देतात, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. कालपासून बिचारे उपाशी होते.

ताईला वर्षभरापासून अंधारात दिसेनासं झालं होतं. उजेडात सगळं ठीक, पण दिवे गेले की पुढ्यातला माणूसही दिसायचा नाही; स्वतः चमकणारं असेल तेवढंच दिसायचं. हे बरं होणारं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. ती ज्या वाद्यवृंदात की-बोर्ड वाजवायची तिथे कुणाला कळू द्यायचं नाही, अशी ताईने बहिणीला शपथ घातली होती. कारण वाद्यवृंदाचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, कार्यक्रम अंधारातच सुरू करायचा. आधी बासरीचा सूर, मग दिवे. मागच्या वेळी ताईने शेजारचं बटण दाबलं आणि बासरीऐवजी ढोल धडाडले. प्रेक्षक पोट धरधरून हसले. कप्तान हसला नाही. "पुन्हा असं झालं तर मी दुसरं कुणीतरी बघीन," एवढंच म्हणाला.

पहिली घंटा झाली. पडद्याआड एक निळा दिवा कसाबसा मिणमिणत होता, त्याने काय होणार? धाकटी खोळीखाली शिरली आणि मोबाइलचा टॉर्च तिने ठिपक्यावर टेकवून धरला. पी रे बाबा, लवकर पी.

"काय चाललंय गं आत?" कप्तानाचा आवाज.

"वायर बघतेय, कप्तान."

"वायर मागच्या बाजूला असते." त्याने खोळ ओढून काढली. "आणि हे काय?"

धाकटीच्या जिभेवर दुसरी थाप तयार होती. पण पलीकडे विंगेत ताई साडी सारखी करत उभी होती. तिच्या वाटेत ड्रम होते, स्टँड होते, जमिनीवर वायरींचं जाळं होतं.

"ताईला अंधारात दिसत नाही," ती म्हणाली. शपथ मोडल्याबरोबर तिला रडूच फुटलं. "तिला काढू नका हो. वाजवणं सुटलं तर ती जगायची नाही."

कप्तानाने तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि टॉर्च विझवला. दुसरी घंटा झाली आणि निळा दिवाही गेला.

ठिपका तेवढा उजळला होता, पण स्टुलाचे पाय अंधारातच राहिले होते. विंगेकडून ताईची पावलं आली, थांबली, पुन्हा आली. कशाला तरी लागून एक स्टँड खणखणला. धाकटी तिच्याकडे धावायला गेली तर तिचाच पाय वायरीत अडकला. आता ताई पडणार, या विचाराने तिने डोळे घट्ट मिटून घेतले, जसं काही उघडे ठेवून दिसणार होतं.

कुणीही पडलं नाही. पावलं सावकाश जवळ आली, आणि ती एकाची नव्हती.

"बाई गं, बरं झालं आलीस," ताई कुजबुजली. "कप्तानाला कळलं नाही ना?"

धाकटी तर अजून वायरीतच अडकलेली होती.

"नाही," कप्तान म्हणाला. "बस. स्टूल इथे आहे."

पडदा सरकला. समोरची खुसफूस थांबली. हिरव्या ठिपक्यावर एक बोट आलं आणि तो झाकला गेला. सूर यायला अंमळ उशीर झाला, पण आला तो बासरीचाच.