काटकोनातली भक्ती

जुन्या चर्चचं छप्पर गळत होतं, खांबांना वाळवी लागली होती, आणि तरीही ते पाडल्यावर सगळ्यांना त्याची आठवण येऊ लागली. याचं सगळं श्रेय नव्या चर्चला जातं.

नवं चर्च काँक्रीटचं होतं. भिंती काँक्रीटच्या, छत काँक्रीटचं, वेदी काँक्रीटची, बाप्तिस्म्याचं कुंडसुद्धा काँक्रीटचं. कुठे गिलावा नाही, रंगाचा हात नाही. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याने भाबडेपणाने विचारलं, की आतलं काम कधी संपणार. संपलंय, असं आर्किटेक्टने सांगितल्यावर त्याने मयताच्या घरी काढावी तशी हळूच टोपी काढली.

आर्किटेक्ट मोठा माणूस होता. काळे कपडे, जाड काड्यांचा चष्मा, आणि जे स्वतःला आवडेल त्याला 'प्रामाणिक' म्हणायची सवय. काँक्रीट प्रामाणिक, रंग खोटारडा. खिडक्या खोटारड्या, म्हणून वेदीमागे छतापासून जमिनीपर्यंत फक्त एक उभी फट. क्रूस म्हणजे दोन लोखंडी गज. त्यावर ख्रिस्ताची मूर्ती नव्हती, कारण ती भाविकाच्या मनात असायला हवी, असं आर्किटेक्टचं म्हणणं. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या वाटचालीची शिल्पं, भिंतीतच ओतली होती, पण इतकी उथळ, की लोक हाताने चाचपत पुढे सरकत. नवव्या स्थानापाशी डोळे मिटून प्रार्थना झाल्यावर बऱ्याच जणांना कळलं, की ती विजेच्या बटणांची पेटी आहे.

बाकांचं काम सुताराकडे आलं. पन्नाशी उलटलेला, मितभाषी माणूस. आसपासच्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची, आणि त्यातलं एकही कुरकुरत नसे, इतकी त्याची ख्याती. लग्न केलं नव्हतं. घरात तो आणि त्याची विधवा थोरली बहीण. दोघं एकमेकांना सांभाळून होते, म्हणजे ताई बोलायची आणि तो ऐकायचा.

आराखड्यात बाकाची पाठ बैठकीशी बरोबर काटकोनात होती. सुताराने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला, चुकून उलटा तर धरला नाही ना, म्हणून.

"साहेब, पाठ वरून चार बोटं मागे कलती हवी," तो म्हणाला. "माणसाचा कणा काही सरळ नसतो."

"प्रार्थनेच्या वेळी असावा," आर्किटेक्ट म्हणाला.

सुताराने आराखड्याची गुंडाळी केली. आयुष्यभर त्याने लाकूड सरळ केलं होतं. माणसं सरळ करायचं काम त्याला आधी कुणी दिलं नव्हतं. त्याने मुकाट्याने छत्तीस बाक केले. काटकोन तपासायचा गुण्या लावला तर एक कागद मध्ये शिरणार नाही, असे.

पहिल्या रविवारच्या उपासनेला, मिस्सेला, चर्च तुडुंब भरलं. दहाव्या मिनिटाला लोक चुळबुळू लागले, विसाव्या मिनिटाला उजवीकडून डावीकडे एक लाट गेली आणि परत आली. फादर प्रवचन देत होते. त्यांना वाटलं, आपल्या शब्दांनी लोकांची मनं हलताहेत. उभं राहायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे इतक्या उत्साहाने उठले, की फादरांच्या ध्यानात आलं, हलत होतं ते मन नव्हे.

बांधकाम समितीच्या अध्यक्षांनी चर्चची फार स्तुती केली. त्यांची खुर्ची वेदीच्या बाजूला होती आणि तिला गादी होती.

लोकांनी पुढच्या रविवारी घरून उशा आणल्या. आर्किटेक्टला हे कळल्यावर त्याने फादरांना पत्र लिहिलं, की वास्तूच्या अंतरंगात फुलाफुलांच्या उशा हा एक प्रकारचा हिंसाचार आहे. दारावर सूचना लागली. उशा बंद झाल्या, आणि म्हाताऱ्यांनी आतून दोन-दोन स्वेटर घालायला सुरुवात केली, तेही भर उन्हाळ्यात.

ताईने हे सगळं दोन महिने सोसलं. जुन्या चर्चमध्ये तीस वर्षं वेदीवरची वस्त्रं तिनेच धुतली, इस्त्री केली, लेस विणली. नव्या चर्चमध्ये लेस खोटारडी ठरली होती. वेदीवर कापड हवंच, हा चर्चचा नियम फादरांनी दाखवल्यावर आर्किटेक्टने नाइलाजाने एक पांढरं कापड मंजूर केलं, तेही बिनकाठाचं. ताई तेवढ्यावर म्हणाली, की वेदीला कपडे नकोत तर उद्या फादरांनाही नकोत म्हणेल हा माणूस. पण तिने तेही हसण्यावारी नेलं. कमरेचं मात्र हसण्यावारी नेता येईना. काही वर्षांपूर्वी ती पडली होती, तेव्हापासून तिथलं एक हाड नीट जुळलं नव्हतं. एका रविवारी ती तयारच झाली नाही.

सुताराने विचारलं, बरं नाही का.

"बरी आहे मी," ताई म्हणाली. "पण तुझ्या बाकावर माझ्याच्यानं बसवत नाही. दुसऱ्या कुणाचा बाक असता तर चार शिव्या देऊन बसलेही असते. तुला कशा देऊ?"

त्या रविवारी सुतार एकटाच गेला आणि शेवटच्या रांगेत बसला. मिस्सा कसली झाली ते त्याला कळलं नाही. त्याला फक्त पाठी दिसत होत्या, दोनशे पाठी, त्याच्या फळ्यांना टेकून अवघडलेल्या. बाक करताना ते चूक आहेत हे त्याला ठाऊक होतं. न कळून झालेली चूक माणूस विसरतो. ही तशी नव्हती.

सोमवारी तो फादरांकडे गेला. म्हणाला, बाकांना पॉलिश नीट बसलेलं नाही, दर आठवड्याला एकेक नेतो आणि करून आणतो. फादरांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, पॉलिश चांगलं झालं पाहिजे, घाई करू नका.

असं ते पॉलिश नऊ महिने चाललं. बाकाच्या दोन्ही टोकांना रुंद उभ्या फळ्या होत्या, त्या सुताराने जशाच्या तशा ठेवल्या. मधली पाठ काढून, खाचा तिरक्या करून, तीच फळी आठ अंश मागे कलवली, आणि बैठकीच्या पुढच्या कडेखाली एक बारीक पाचर ठोकली. बाजूने पाहिलं तर बाक पूर्वीइतकाच कठोर. एकेक करत रांगा शांत होत गेल्या. आपल्याला काय झालंय ते लोकांना कळेना. कुणी म्हणालं सवय झाली, कुणी म्हणालं श्रद्धा वाढली. अध्यक्षांनी तर भाषणच केलं, की सत्याची शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. ताई सहाव्या महिन्यात परत यायला लागली. तिसऱ्या रांगेत बसली, टेकली, आणि भावाकडे मान वळवून काहीच बोलली नाही. तिच्या बाबतीत हे फारच झालं.

आर्किटेक्टच्या काहीच ध्यानात आलं नाही, कारण तो चर्चमध्ये कधी बसलाच नव्हता. तो यायचा, मधोमध उभा राहायचा, छताकडे बघायचा आणि जायचा. पुढे चर्चला एक मोठा पुरस्कार मिळाला. परीक्षक मंडळी येऊन तासभर बाकांवर ऐसपैस बसली, आणि त्यांनी अहवालात 'देहाला तडजोड न शिकवणारी आसनव्यवस्था' असं खास नमूद केलं.

पुरस्कारानंतर फोटो काढायला छायाचित्रकार आले. आर्किटेक्टला गायकवृंदाच्या सज्ज्याकडे जाणाऱ्या जिन्यावर उभं केलं. त्या जिन्याला कठडा नव्हता. कठडा म्हणजे वास्तूचा स्वतःवरचा अविश्वास, असं त्यानेच मागे समजावलं होतं. तो एक पाऊल मागे सरकला आणि वास्तूवर पूर्ण विश्वास ठेवून पाच पायऱ्या खाली आला.

घोट्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला जवळच्या बाकावर बसवलं. अर्धा तास गेला. आर्किटेक्ट कण्हत होता, पण मध्येच कण्हायचा थांबला. पाय ठणकत होता आणि पाठ मात्र आरामात होती. असं होता कामा नये, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने खिशातून मोजपट्टी काढली. स्ट्रेचरवर घेईपर्यंत तो बाकच मोजत होता.

प्लास्टर घालून तिसऱ्या दिवशी तो कुबड्यांवर सुताराच्या कारखान्यात हजर झाला. सुताराने काही लपवलं नाही. छत्तीसच्या छत्तीस बाक, आठ अंश, एवढंच सांगितलं. आर्किटेक्टने विचारलं, कुणाच्या परवानगीने. सुतार म्हणाला, परवानगी कुणाचीच नव्हती. बहिणीला बसता येत नव्हतं.

आर्किटेक्टने सगळे बाक पूर्ववत करण्याची मागणी केली. फादरांनी निर्णय भाविकांच्या सभेवर सोपवला, आणि सभा चर्चमध्येच ठेवली. हा त्यांचा भोळेपणा होता की नाही, देव जाणे.

आर्किटेक्ट पहिल्या रांगेत पाय पसरून बसला आणि बसूनच बोलला. कोन म्हणजे नुसता कोन नसतो, इथून सुरुवात करून तो एक तास दहा मिनिटं बोलला. आराम लक्ष विचलित करतो. सुखावलेलं शरीर ऐकत नाही. दोनशे माणसं निमूट ऐकत होती. सुतार दाराशी उभा होता. उद्यापासून छत्तीस बाक पुन्हा उलगडायचे, या विचाराने त्याचे हात आत्ताच दुखायला लागले होते.

बोलणं संपल्यावर ताई उठली.

"मला कोनातलं कळत नाही," ती म्हणाली. "पण साहेब, तुम्ही तासाच्या वर बोललात आणि एक माणूस हललं नाही. पूर्वीच्या बाकांवर मी पंधराव्या मिनिटाला घरी गेले असते. तुम्हाला सरळच हवेत तर करा सरळ. मग ऐकायलाही तुम्हीच बसा."

कुणीतरी हसू दाबलं. या चर्चमध्ये दाबलेलं हसूही चारदा घुमतं. आर्किटेक्टने मागे वळून रांगांकडे पाहिलं. माणसं बसलेली असताना ते चर्च त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. अध्यक्षांनी वारा कुठला आहे ते ओळखून सांगितलं, की आपण तर पहिल्यापासून कलत्या पाठीच्या बाजूचे होतो.

बाक राहिले. आर्किटेक्टच्या आग्रहाखातर दाराशी एक पितळी पाटी लागली, की बाकांच्या पाठी मूळ आराखड्यानुसार नाहीत आणि त्यास वास्तुरचनाकार जबाबदार नाही. ती वाचून पहिल्याच महिन्यात सुताराकडे दोन शाळा आणि एक वाचनालय चौकशी करत आले.

सभा संपल्यावर त्या दिवशी सगळे गेले. आर्किटेक्टची गाडी यायची होती. सुतार त्याच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसला. ऊन उतरलं होतं आणि वेदीमागच्या फटीतून एक पिवळी पट्टी बाजूच्या भिंतीवर तिरकी पडली होती. सुतार बघत राहिला. काँक्रीट ओततानाच्या फळ्यांचे ठसे भिंतीवर उमटले होते. रेषा, गाठी, एके ठिकाणी तर करवतीचे दातसुद्धा. दोन वर्षं तो या भिंतीला दगड समजत होता.

"देवदार आहे ना हे?" त्याने विचारलं.

"देवदारच," आर्किटेक्ट म्हणाला. "एकेक फळी मी निवडली होती. आजवर कुणी विचारलं नाही."

सुतार उठला, भिंतीपाशी गेला आणि एका गाठीवरून अंगठा फिरवला. मग त्याने आर्किटेक्टला सांगितलं, की खालून तिसरी फळी उलटी लागली आहे. आर्किटेक्ट कुबड्या घेऊन लंगडत आला, वाकून पाहिलं, आणि म्हणाला, हो, लागली आहे खरी.