एलर्टच्या होडीचा संशय

मित्रांनो, माझ्या बुडावर डांबराचे इतके थर चढले आहेत, की मी नेमकी किती जुनी होडी आहे हे आता माझा मालक एलर्ट यालाही सांगता येत नाही. नॉर्वेच्या उत्तरेला, डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, म्हणजे एका फियोर्डच्या काठी, त्याच्या वडिलांनी मला पाइनच्या फळ्यांपासून घडवले. तेव्हा माझ्याखाली केल्प या समुद्री शैवालाचे जंगल होते. माणसाहून उंच, चामड्यासारख्या तपकिरी पानांचे. त्या पानांच्या आडोशाला कॉड मासे वाढत आणि मी भरून घरी परते.

मग अर्चिन नावाचे, काटेरी गोळ्यांसारखे समुद्री जीव माजले. त्यांनी ते जंगल बुडख्यापासून कुरतडले. तळ उघडाबोडका झाला, मासे गेले आणि मला किनाऱ्यावर पालथी घातली. नऊ वर्षे मी तशीच पडून होते. पालथ्या पडलेल्या होडीचा कोणावरही विश्वास उरत नाही, मित्रांनो.

एका वसंतात सुनिवा आली. नुकतीच शाळा संपवलेली मुलगी, मागे तिचे तीन मित्र, सगळ्यांच्या हातांत हातोडे. अर्चिन फोडून जंगल परत आणायचे आहे, होडी द्याल का, असे तिने विचारले. एलर्टने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. शहरातून मोजमापे घ्यायला आलेली माणसे त्याने पुष्कळ पाहिली होती. गेली ती गेलीच.

"देतो," तो म्हणाला, "पण होडीत मी बसणार. तुमचं काय चाललंय ते मला दिसायला हवं."

दिसणार काय? पोरे पाण्यात उतरत आणि खालून ठक्, ठक् आवाज येई. एलर्ट कॉफी पीत बुडबुडे बघत बसे. मलाही शंका येई. जंगल लावायला कोणी हातोडा आणतो का? ही पोरे खेकडे चोरत असतील म्हणून तो त्यांच्या पिशव्या चाचपी. काहीच सापडेना, तसा त्याचा संशय उलट वाढला.

दुसऱ्या उन्हाळ्यात धक्क्यावर त्याला सुनिवा दिसली. पिंजऱ्यांत मासे पाळायला जागा शोधणाऱ्या एका कंपनीचा माणूस तिच्याशी बोलत होता आणि तिच्या हातात फियोर्डच्या तळाचा नकाशा होता. तो माणूस जाताच एलर्ट पुढे झाला.

"फियोर्ड विकायला निघालीस होय गं?"

"त्यांनी नकाशा मागितला, आजोबा. मी दिला नाही."

"आणि मी ते खरं मानायचं?"

"नका मानू. पण होडी तेवढी राहू द्या."

एलर्टने मला ओढून किनाऱ्यावर नेले. पोरांकडे दुसरी होडी नव्हती. काम बंद पडले. सांगायला लाज वाटते, पण मलाही तेव्हा बरे वाटले. पकडली एकदाची!

पाच आठवड्यांनी, तिचे खोटे उघडे पाडायला, एलर्ट एकटाच मला घेऊन निघाला. काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवून त्याने आत डोके घातले. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. खाली कंबरेएवढा केल्प डुलत होता आणि त्यात बोटाएवढी कॉडची पिल्ले फिरत होती. पण कडेने अर्चिनांची रांग आत सरकली होती. पोरांनी वाढवलेला जवळजवळ अर्धा तुकडा खरवडून साफ झाला होता.

एलर्टने मला थेट सुनिवाच्या घराखालच्या किनाऱ्याला लावले. ती दारात पाव खात उभी होती.

"अर्धं गेलं, पोरी. माझ्यामुळे."

तिने घास गिळला. "परत वाढायला दोन उन्हाळे लागतील."

"दोन्ही उन्हाळे मी वल्ही मारीन."

"आणि पिशव्या चाचपणं?"

तिने त्या दिवशी त्याला आत बोलावले नाही. पण तासाभरात चौघेही हातोडे घेऊन माझ्यात येऊन बसले.

मित्रांनो, शंका जरूर घ्या. समुद्राला फसवणारे पुष्कळ असतात. पण शंका आली, की त्याच दिवशी वाकून पाण्यात बघा. आम्ही पाच आठवडे उशिरा वाकलो.