अप्पारावांचं माप

तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये, साक्कोट्टैच्या रस्त्यावर अप्पारावांचं शिवणकामाचं दुकान तीस वर्षं चाललं होतं. नवरीचा ब्लाउज शिवावा तर अप्पारावांनीच, असं गावातल्या आया लेकींना सांगत. अशा माणसाच्या हातून एका दुपारी कात्री गळून पडली. महिनाभर अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत होती, पण त्यांनी ते बायकोपासूनही लपवलं होतं. आता वत्सलाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"हात गेला माझा," अप्पाराव म्हणाले. "दुकान बंद करूया."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन वत्सलाबाई दवाखान्यात गेल्या. कामामुळे जडणारी दुखणी बघणारी एक डॉक्टर तिथे बसे. नाव श्रीलक्ष्मी, वय जेमतेम तिशीचं. तिने मनगट तपासलं, मुंग्या कुठवर येतात ते विचारलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "मनगटातली नस दाबली जातेय. वेळेवर आलात. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. मला तुमचं दुकान बघायला हवं."

अप्पाराव बायकोकडे वळून मराठीत पुटपुटले, "आजार मला, आणि ही पोर तपासणार दुकानाला!"

"दुकानालाच आजार असला तर, मामा?" डॉक्टर मराठीत म्हणाली. तीही त्यांच्यासारखीच, पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या मराठी घरातली. अप्पारावांना कुठे बघावं कळेना. वत्सलाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

गुरुवारी डॉक्टर दुकानात आली आणि तासभर कोपऱ्यात बसून नुसती बघत राहिली. मग तिने टेप मागून घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या अप्पारावांना तिने उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं. दारात दोन गिऱ्हाइकं थांबली होती.

"काय अप्पाराव, बाही आखूड की लांब?" त्यातल्या एकीने विचारलं.

"टेबल बुटकं आहे," डॉक्टर म्हणाली. "वाकता, मनगट मुडपता आणि वर ही जड, बोथट कात्री दाबता."

"वडिलांची आहे ती."

"वडील दिवसाला किती ब्लाउज कापत?"

"चार-पाच."

"आणि तुम्ही?"

"लग्नसराईत वीस-बावीस," अप्पाराव म्हणाले, आणि वडिलांची कात्री त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली.

सुताराने टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. हलकी, धारदार कात्री आली. झोपताना मनगटाला पट्टा बांधायचा होता, आणि सहा आठवडे कापणं बंद. "पण घरी बसू नका," डॉक्टरने बजावलं. "एकदा बसलात की परत उभं राहणं जड जातं. मापं घ्या, खुणा करा."

"मग कापणार कोण?"

"मी," वत्सलाबाई म्हणाल्या.

पहिलं रेशीम त्यांनी कापायला घेतलं तेव्हा अप्पारावांनी श्वास रोखून धरला. कात्री खडूच्या रेषेवरून सरळ गेली.

"कुठे शिकलीस?"

"तीस वर्षं इथे बसून बटणं लावतेय. समोर काय भिंत बघत होते?"

तिसऱ्या आठवड्यात मुंग्या कमी झाल्या. सातव्यात अप्पारावांनी एक ब्लाउज कापला, मग रोज दोन, मग हळूहळू वाढवत. चार झाले की थोडं थांबायचं, असं ठरलं होतं. एकदा मोहाने त्यांनी एका दमात अकरा कापले. संध्याकाळी बोटं बधिर झाली आणि दुसऱ्या दिवशी चोरी पकडलेल्या पोरासारखे ते आपणहून दवाखान्यात हजर झाले. डॉक्टर रागावली नाही, मोठ्याने हसली.

पोंगलनंतर, तै महिन्याच्या लग्नांत दोघं नवराबायको एकाच टेबलावर कापत होती. एकही कपडा उशिरा गेला नाही.

त्याच सुमारास दारासुरम्‌चा विणकर स्वामीनाथ, त्यांचा जुना मित्र, कमरेला हात लावून दुकानात आला. माग सोडावा लागणार, म्हणाला. अप्पारावांनी चपला पायात सरकवल्या.

"चल, दवाखान्यात."

"अरे, आत्ता? आणि दुकान?"

"वत्सला आहे की," म्हणत ते त्याला घेऊन रस्त्यावर उतरलेसुद्धा.