धाकटीची मान

सासऱ्यांचा एक नियम होता. ज्याची मान वाईट, त्याला आपल्या तबेल्यात जागा नाही. पायात खोड असली तर नाल बदलून सांभाळून घेता येते, स्वभाव वाईट असला तर माणसासारखा घोडाही वयाने सुधारतो, पण मान बिघडलेली असली की सगळं मुसळ केरात. हे सुनेने लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऐकलं होतं. त्यानंतरच्या अकरा वर्षांत किती वेळा ऐकलं, ते विचारूच नका.

आणि म्हातारा उगाच बोलत नव्हता हो. पन्नास वर्षं घोड्यांत काढलेली. लांबलांबची माणसं आपली शिंगरं त्यांना दाखवायला आणत. सासरे एक डोळा बारीक करून बघत आणि एका शब्दात निकाल देत. "छान," नाहीतर "चालेल," नाहीतर सरळ "विका." पाठीमागे लोक त्यांना 'फूटपट्टी' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तर या फूटपट्टीने एका रविवारी सकाळी घरच्याच धाकटीकडे बघितलं आणि म्हटलं, "विका."

धाकटी म्हणजे तबेल्यातली सगळ्यात लहान घोडी, जेमतेम दोन वर्षांची. तिला जन्म देऊन तिची आई तिसऱ्या दिवशी गेली, तेव्हा सुनेने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. त्याच दिवसांत नवऱ्याला ताप आला, तर "तू मोठा आहेस, आपलं पाणी आपण घे," असं त्याला सांगून ही बाई बाटली घेऊन तबेल्यात. त्यामुळे "विका" ऐकल्यावर तिने हातातली बादली तिथेच खाली ठेवली.

"का बाबा?"

"डोळे असतील तर बघ. मान उलटी आहे. वरून खोलगट, खालून फुगलेली. असं घोडं तोंड वर करून पळतं, लगामाला दाद देत नाही, एक दिवस कुणाचं तरी हाड मोडतं. गुरुवारी गाडीवाला यायचाय, त्याला देऊन टाकू. गाडीला चालेल ती."

गाडीवाला माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या गाडीला जुंपलेली धाकटी सुनेच्या डोळ्यांसमोर येईना. ती धाकटीजवळ जाऊन नीट बघत राहिली. अकरा वर्षांत तिलाही थोडी नजर आली होती, आणि खोटं कशाला बोलायचं, मान उलटीच दिसत होती. फक्त एक गोष्ट तिला खटकली. थंडी सुरू व्हायच्या आधी हीच मान अशी नव्हती. हाताने रोज खरारा करणाऱ्या बाईला हे पक्कं आठवत होतं.

उत्तर त्याच संध्याकाळी समोर आलं. थंडीच्या सुरुवातीला सासऱ्यांची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली होती. बाकी सगळी कामं त्यांनी कुरकुरत सोडली, पण धाकटीला गवत घालायचं काम काही सोडलं नाही. "तिचं मी बघतो," म्हणाले. आता वाकायचं नाही तर गवत ठेवायचं कसं? त्यांनी भिंतीत डोक्याच्याही वर एक कडी ठोकून घेतली आणि गवताची जाळी त्या कडीला टांगायला सुरुवात केली. बाकीचे घोडे जमिनीवरचं गवत निवांत खात होते आणि धाकटी बिचारी छताकडे तोंड करून एकेक काडी ओढून काढत होती. गळ्याखालचा स्नायू नुसता तटतटलेला. दिवसाचे आठ-दहा तास असं खायचं, तेही चार महिने. आपण तसं जेवलो तर आपली मान जागेवर राहील का?

म्हणजे हाडात खोट नव्हती. खालचं मांस वाढलं होतं आणि वरचं वाळलं होतं. मांस परत वळवता येतं. सुनेला इतका आनंद झाला की तिने धाकटीचा मुका घेतला, आणि दुसऱ्याच क्षणी तिला सासरे आठवले. हे सांगायचं कसं? फूटपट्टी चुकली, हे एक. आणि मान बिघडवली कुणी, तर खुद्द फूटपट्टीने!

सोमवारी तिने नवऱ्याला गाठलं. नवरा नालबंद. घोड्याचा पाय मांडीवर घेऊन, तोंडात खिळे धरून बसला होता. त्याने सगळं ऐकलं, पण खिळे काही काढले नाहीत. न बोलायला तेवढं निमित्त पुरे होतं.

"अरे, बोल ना काहीतरी."

त्याने शेवटी खिळे हातात घेतले. "तू त्यांची लाडकी आहेस, तूच सांग. मी सांगितलं तर घोडी राहील आणि मी जाईन."

मंगळवारी सुनेने गुपचूप जाळी सोडून गवत खाली ठेवलं. संध्याकाळी जाळी परत वर.

"गवत खाली कुणी टाकलं?" सासरे गरजले.

"वाऱ्याने पडलं असेल."

वारा! चारी बाजूंनी बंद तबेल्यात! सासऱ्यांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. बुधवारी तिने पाच वेळा सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि पाचही वेळा "चहा ठेवू का?" एवढंच बाहेर पडलं. सासरे पाच कप चहा प्यायले आणि सुनेला आज झालंय काय, असा विचार करत झोपायला गेले.

गुरुवारी गाडीवाला दोर घेऊनच आला. त्याने धाकटीच्या पाठीवर थाप मारली, दात बघितले, म्हणाला, "पोरगी गोड आहे, काका." सासऱ्यांनी मान डोलावली, आणि तो दोर अडकवायला पुढे झाला.

"थांबा!" सून इतक्या जोरात ओरडली की गाडीवाल्याच्या हातून दोरच पडला. "बाबा, आधी हात लावून बघा."

"कशाला? माझे डोळे फुटलेत?"

"डोळे चांगले आहेत. पण डोळ्यांना मांस दिसतं, हाड हातालाच कळतं, हे मला कुणी शिकवलं? कंबर धरल्यापासून तुम्ही एकाही घोड्याला हात लावलेला नाही. लांबूनच निकाल देताय." आता माघार नव्हती. "एकदा लावा. मग खुशाल न्या तिला."

परक्या माणसासमोर सून असं बोलली! सासऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. तरी ते पुढे झाले, कारण हात लावायला नाही म्हणणारा घोडेवाला अजून जन्माला यायचाय. कानामागे अंगठा ठेवून त्यांनी हाडाचा माग काढला. एक मणका, दोन, तीन... हात हळूहळू छातीकडे उतरला, कंबर कळवळली, तरी ते थांबले नाहीत.

"हाड चांगलं आहे," ते पुटपुटले. मग जरा वेळाने, "चांगलं कसलं, उत्तम आहे. मान छातीतून निघालीयही झकास. मग ही खालची फुगी कुठून आली? दिवसभर वर बघून ही करते काय?"

गाडीवाला हसला. सून हसली नाही. आणि धाकटी, या सगळ्या चिवडाचिवडीला कंटाळून, वळली, भिंतीपाशी गेली आणि तोंड छताकडे करून जाळीतलं गवत ओढायला लागली.

सासरे बघत राहिले. जाळीकडे, कडीकडे, मग धाकटीच्या ताणलेल्या गळ्याकडे. त्यांचे कान लालबुंद झाले.

"बाबा, जाळीचं माझ्याही लक्षात आधीच यायला हवं होतं..." सून सावरून घ्यायला गेली. त्यांनी हातानेच तिला गप्प केलं.

"घोडी विकायची नाही," ते गाडीवाल्याला म्हणाले. "मान चांगली आहे तिची. बिघडवली ती मी. माझी कंबर वाकेना म्हणून मी तिला वर बघायला लावलं, आणि वर खोटही तिच्यातच काढली. जा, सांग सगळ्यांना. नाहीतरी तू सांगितल्याशिवाय राहणार थोडाच आहेस!"

"मग मी काय नेऊ, काका?"

"चहा पी आणि जा."

तो चहा पिऊन गेला. सासरे कप हातात धरून तसेच उभे.

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

"आज गुरुवार."

"हो."

"म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून तू हिला जाऊ दिलं असतंस?"

सुनेला 'नाही' म्हणायचं होतं. पण दोर धाकटीच्या गळ्यापाशी येईपर्यंत आपण गप्प होतो, हे तिला ठाऊक होतं. तिचे डोळे भरून आले. "भीती वाटते हो तुमची. तुम्ही एकदा बोललात की पुढे कुणाला काही बोलायची सोयच उरत नाही."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला, जाळी कडीवरून काढली आणि तिच्या हातात दिली. सुनेने गवत जमिनीवर पसरलं. धाकटीने थोडा वेळ सवयीने वरच शोधलं, मग नाक खाली नेलं आणि घासामागून घास घ्यायला लागली.

"किती दिवस लागतील मान सरळ व्हायला?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा ना."

"मला कळलं असतं तर ही वेळ आली असती का? तू सांग. मी विचारतोय तुला."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच. सुनेने डोळे पुसले, धाकटीच्या मानेवरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाली, "सहा महिने."

"सहा तर सहा," सासरे म्हणाले. त्यांनी एक बादली पालथी घातली, कण्हत कण्हत तिच्यावर बसले आणि धाकटीला खाताना बघत राहिले.