लेल्यांची काडतुसं

चारुदत्त लेल्यांनी आयुष्यात कधी ढेकूण मारला असेल तर तोही त्याची माफी मागून. अशा माणसाच्या ओहायोतल्या डब्लिनमधल्या गराजमध्ये शिशाच्या गोळ्या, बंदुकीची दारू आणि रिकाम्या पितळी पुंगळ्या येऊन पडल्या, त्याला कारण शिकार नव्हतं. कारण होतं खुर्ची.

दोन हजार चार सालची गोष्ट. लेले एका पंप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचे मॅनेजर, केसाची जाडी मोजून सांगणारा माणूस. अठरा वर्षं तिथे घासली. आता त्यांचा बॉस डेल व्हाइस-प्रेसिडेंट होऊन वर जाणार होता आणि डायरेक्टरची खुर्ची रिकामी होणार होती. तुम्ही म्हणाल, मग ती लेल्यांचीच! छे हो. त्या कंपनीत मोठे निर्णय कॉन्फरन्स रूममध्ये होतच नसत. ते होत नोव्हेंबरअखेर, पेनसिल्व्हेनियातल्या एका लाकडी केबिनमध्ये, डेलच्या हरणाच्या शिकारीच्या ट्रिपवर. शाकाहारी लेल्यांना तिथलं बोलावणं कधी आलं नव्हतं. आणि यंदा यतीन नावाचा पुण्याचा पोरगा, ज्याला जाडी मोजायचा साधा व्हर्नियर धड धरता येत नव्हता, तो डेलच्या मागेपुढे करत शिकारीच्या जाकिटांच्या गप्पा मारायला लागला होता. लेल्यांना खुर्ची हातची जाताना दिसू लागली.

संधी एक दिवस लंचला चालून आली. डेलकडे आजोबांची रायफल होती, पंचेचाळीस-सत्तर या जुन्या मापाची. खालचा दांडा ओढून परत वर केला की पुढचं काडतूस आत, आणि काडतूस केवढं, तर अंगठ्याएवढं. त्या रायफलीने डेलने वर्षानुवर्षं एकही हरीण पाडलं नव्हतं, आणि दर वेळी दोष काडतुसांचा.

"फॅक्टरीची काडतुसं महाग, आणि वर वाकडी जातात!" डेल कुरकुरला.

"मी घरी करून देतो," लेले बोलून गेले.

झालं. घरी केलेलं ते स्वस्त आणि चांगलं, हे लेल्यांच्या रक्तातच होतं. भाजणी घरची, मेतकूट घरचं, मग काडतुसांनीच काय घोडं मारलंय? रिकामी पुंगळी साफ करायची, प्रेसमध्ये दाबून मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू ओतायची, वर गोळी दाबायची. गोळी मात्र चपट्या नाकाची हवी, कारण त्या रायफलीच्या नळीत काडतुसं एकामागे एक बसतात, आणि टोकदार गोळी पुढच्याच्या टोपीला टोचली तर भलतंच व्हायचं. दारू ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराची गुंज असते ना, तिच्या जेमतेम निम्मा एक ग्रेन. लेले त्या ग्रेनचाही दहावा भाग मोजत बसत. स्वस्ताईचं म्हणाल तर प्रेस, काटा आणि साचे घेऊन झाल्यावर पहिलं काडतूस चांदीच्या वाटीच्या भावात पडलं होतं. पण ते हिशेबात धरायचं नसतं.

"देवघराच्या भिंतीपलीकडे दारूगोळा!" सुनेत्राबाई म्हणाल्या. "अहो, एक शिंक आली तर देवांसकट वर जाऊ!"

ऑक्टोबरात नेमबाजीच्या रेंजवर चाचणी झाली. डेलचा मेहुणा रॉय, जो दर वर्षी हरीण पाडायचा आणि दर वर्षी डेलला चिडवायचा, तोही आला होता. लेल्यांनी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, श्वास धरला आणि पाच गोळ्या शंभर यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत घातल्या. काय तो आनंद! मग तीच रायफल, तीच काडतुसं घेऊन डेल बसला. त्याची एक गोळी कागदाच्या कोपऱ्याला लागली, बाकीच्या कुठे गेल्या ते ओहायोलाच ठाऊक.

"म्हणजे काडतुसं चांगली आहेत तर," रॉय दात काढून म्हणाला.

डेलने रायफल पेटीत कोंबली आणि गाडीचं दार आपटून लावलं. लेल्यांना बोलावणं मिळालं खरं, पण ते फक्त काडतुसं पोचवण्यापुरतं वाटावं इतकं थंड.

"माझं काय चुकलं?" घरी येऊन लेले हैराण झाले. "इतकी अचूक काडतुसं त्याला जन्मात मिळाली नसती!"

"तेच चुकलं," कणीक मळता मळता सुनेत्राबाई म्हणाल्या. "त्याला काडतूस नकोय हो, निमित्त हवंय. ते तुम्ही काढून घेतलंत."

"तुला यातलं काही कळत नाही," लेले म्हणाले. अशा वेळी नवरे हेच म्हणतात.

पुढे दिवाळी आली, गेली. थँक्सगिव्हिंगनंतर लेले काडतुसांचा डबा घेऊन निघाले. डबा सुनेत्राबाईंनीच हातात दिला, वर दशम्या बांधून दिल्या.

केबिनमध्ये पहाटे लेल्यांनी डबा उघडला. काडतुसं लखलखत होती. साधी नव्हे, दिवाळीतल्या समईसारखी! त्यांनी एक नाकाशी धरलं. चिंच! वसुबारसेच्या आधी घरातलं सगळं पितळ परातीत चिंचेच्या पाण्यात पडतं, समई, निरांजन, ताम्हण, तांब्या. भरलेली काडतुसंही पडली होती. आत पाणी झिरपलं असेल तर दारूची पेज झाली असणार. डेलच्या रायफलीला चालणारं दुसरं काडतूस त्या जंगलात कोणाकडे नव्हतं. सांगावं तर ट्रिपचा आणि खुर्चीचा निकाल इथेच लागला. लेल्यांनी झाकण लावलं आणि डबा तसाच डेलच्या हातात दिला. अठरा वर्षांत सदोष माल त्यांनी डोळ्यांदेखत पुढे जाऊ दिला तो तेव्हाच.

उजाडल्यावर झाडीतून हरीण आलं. भलं मोठं, शिंगांचा झाडोरा घेऊन, अगदी समोर. आंधळ्यालाही चुकवता आलं नसतं. डेलने नेम धरला. रॉय बघत होता.

खट्.

दारू उशिराही पेटू शकते, म्हणून लेल्यांनी त्याला नळी हरणाकडेच धरून थांबायला लावलं, मग डेलने दांडा ओढला. खट्. पुन्हा. खट्. हरणाने मान वळवून तिघांकडे पाहिलं आणि सावकाश चालत निघून गेलं. लेल्यांना रडू यायचं बाकी होतं. संपलं सगळं, ते मनात म्हणाले.

रॉयने खाली पडलेलं काडतूस उचललं. टोपीवर पिनेचा खळगा नीट पडला होता, रायफलीने आपलं काम चोख केलं होतं. "डेल," तो नाइलाजाने म्हणाला, "या वेळी खरंच काडतुसांचा दोष."

"मी काय सांगत होतो!" डेल ओरडला. "इतकी वर्षं काय सांगत होतो!" आणि त्याने लेल्यांना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा निसटला. रात्री शेकोटीपाशी त्याने ती कथा चारदा सांगितली. दर वेळी हरीण मोठं होत गेलं. "चार्ली," शेवटी तो लेल्यांना म्हणाला, "डायरेक्टर तूच. आणि दर वर्षी काडतुसंही तूच करायची, काय?"

लेल्यांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झालाच नाही. अठरा वर्षांच्या बिनचूक कामाने जे दिलं नाही, ते एका नासक्या डब्याने दिलं होतं, आणि हे त्यांना फार लागलं.

घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. "सुनेत्रा, मुद्दाम केलंस?"

"पितळ दिसलं, चिंच लावली," त्या म्हणाल्या.

"किती वेळ ठेवलीस?"

"समईला तासभर पुरतो. तुमच्या काडतुसांना आठवडाभर ठेवली. मिळाली ना खुर्ची?"

लेल्यांनी बसून बूट काढले. मग विचारलं, "चिंच किती घातली होतीस?"

"अंदाजाने."

"अंदाजाने?" लेल्यांचा आवाज चढला. ते गराजमध्ये गेले, ग्रेनचा काटा घेऊन आले आणि ओट्यावर बायकोसमोर ठेवला. "असं चालणार नाही. आता दर वर्षी लागणार आहे. घाल पुन्हा, मी मोजतो."