टांगून पाहिलेल्या तीन कड्या

भिंगरी टेबलाशी बसली की दोन ओळी वाची आणि उठून खिडकीपर्यंत जाऊन परत येई. लहानपणी एका जागी पाय ठरत नाहीत म्हणून घरच्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. त्या गुरुवारी मात्र पायांपेक्षा मनच जास्त गरगरत होतं. टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर तिच्या पहिल्या शोधनिबंधाचं प्रूफ उघडलेलं होतं. 'ठीक आहे, छापा' एवढंच सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. बुधवारी कायम जागेसाठी मुलाखत होती. निबंध पदरात असेल तर ती जागा तिची. नसेल तर हंगामी नेमणूक संपल्यावर नमस्कार करून घरी. विभागप्रमुखांनी तिला हे आडपडदा न ठेवता सांगितलेलं होतं.

उंच इमारतींच्या काचा पुसणारी माणसं कमरेच्या पट्ट्याला पोलादी कडी अडकवून दोरावर लोंबकळतात. कडी गंजू नये म्हणून एका कारखानदाराला तिच्यावर विजेने जस्ताचा मुलामा चढवायचा होता. मुलाम्याने कडीचं बळ कमी होतं का, हे भिंगरीने तपासलं होतं. यंत्रात ताणून तिने डझनभर कड्या तोडल्या आणि तुटण्याआधी हव्या तेवढ्या ताणाला त्या सगळ्या टिकल्या. तिथवर काम चोख होतं. तिची नजर पुन्हा पुन्हा जाऊन अडकत होती ती निबंधातल्या एका वाक्यावर.

वाक्य इंग्रजीत होतं आणि देखणं होतं. दीर्घ भाराच्या चाचण्या 'कंडक्ट' करण्यात आल्या, आणि एकही 'फेल्युअर' 'ऑब्झर्व्ह' झालं नाही, असं ते छातीठोकपणे सांगत होतं. भिंगरीने मुळात लिहिलं होतं ते असं: तीन कड्यांना वजन टांगून पाहिलं, काही झालं नाही. आणि खरोखर घडलं होतं तेही तेवढंच. जेवणाच्या सुट्टीत तिने कड्या टांगल्या, डबा संपेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं, आणि टांगायची चौकट दुसऱ्या कुणाला तरी हवी होती म्हणून उतरवल्या. नियमाने ही चाचणी चार दिवस चालावी लागते. मुलामा चढवताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. तो एका झटक्यात दगा देत नाही. कडी ताणाखाली राहिली की आतून, सावकाश काम करतो. डबा खाता खाता तो कुणाला दिसायचा नाही.

मधली किमया मामांची होती. मामा तंत्रनिकेतनात आयुष्यभर तांत्रिक इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. इंग्रजीत प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं असतं, भलत्याशी गाठ मारली की संसार होत नाही, हे त्यांचं आवडतं प्रमेय. ते घोकून घेत: टेस्ट कंडक्ट करायची, कन्क्लुजन ड्रॉ करायचं, क्वेश्चन रेझ करायचा, रोल प्ले करायचा, अटेन्शन पे करायचं. यावर मामी एकदा म्हणाल्या होत्या, "बघा, त्या लोकांना साधं लक्षसुद्धा फुकटात देता येत नाही." मामा हसले नव्हते. निबंध पहिल्यांदा 'भाषा कच्ची, मांडणी मोघम' असा शेरा घेऊन साभार परत आला, तेव्हा भिंगरीने तो मामांच्या हवाली केला. त्यांनी सगळ्या नामांची स्थळं जुळवून दिली, आणि निबंध स्वीकारला गेला.

ती उठली. या वेळी खिडकीकडे न जाता ती कोपऱ्यातल्या जाळीबंद चौकटीकडे गेली. प्रूफला चार दिवस होते आणि चाचणीलाही चारच लागत होते. तिने मुलाम्याच्या तीन नव्या कड्या काढल्या, आकड्यांना अडकवल्या, तरफांवर वजनाच्या चकत्या चढवल्या आणि जाळीचं दार लावून घेतलं. वाक्य खोडण्याऐवजी ते खरं करता आलं तर सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही, असा तिचा विचार होता.

संध्याकाळी ती मामांकडे गेली. मामा खुर्चीत, मामी ओट्यापाशी.

"मामा, तुम्ही इथं कंडक्ट का लिहिलंत?"

"मग काय लिहू? टेस्टला कंडक्टच लागतं. फार तर कॅरी आउट."

"पण मी टेस्ट म्हटलंच नव्हतं. टांगून पाहिलं, असं होतं."

"'हंग अँड सॉ'!" मामांनी कपाळाला हात लावला. "अगं, ते काय इंग्रजी झालं? वाळत घातलेले कपडे आहेत का ते? कुणीही शहाणा माणूस त्याचा अर्थ चाचणी असाच घेणार."

"तासाभराच्या टांगण्याला?"

मामांचा चष्मा नाकावरून खाली आला. "तासभर? हे तू कुठं लिहिलं होतंस?"

"तुम्ही कुठं विचारलं होतंत?"

"अहो, दोघंही थांबा," मामी हात पुसत बाहेर आल्या. "यांनी लिहिलं ते पाठवायच्या आधी तू वाचलं नव्हतंस का गं?"

नेमका तोच प्रश्न भिंगरी सकाळपासून स्वतःला विचारू देत नव्हती. ती जागची उठली, कपाटाच्या कडेला टेकली, पुन्हा सरळ झाली.

"वाचलं होतं, मामी. दोनदा. मला आवडलं ते. वाटलं, आपण केलं ते एवढं मोठं होतं, आपल्यालाच कळलं नव्हतं."

मामा हळूच म्हणाले, "बदलून टाकू. आत्ता बसतो."

"बदललं तर परीक्षक पुन्हा निबंध मागवतील. पहिल्यांदा मोघम म्हणूनच परत आला होता ना? आणि बुधवार तर बुधवारीच येणार. मी कड्या टांगून आलेय. सोमवारपर्यंत टिकल्या तर तुमचं क्रियापद खरं."

"आणि नाही टिकल्या तर?"

"अहो, जरा शुभ बोला," मामी म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

शुक्रवारी सर प्रयोगशाळेत आले. विभागप्रमुख म्हणून त्यांचा दरारा होता, तरी माणूस दुष्ट नव्हता. विभागाच्या नावावर निबंध चढावेत एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता. जाळीपाशी ते थबकले.

"हे काय प्रदर्शन मांडलंयस?"

तिने सगळं सांगितलं. सर ऐकत होते, पण मान मात्र आधीपासूनच नकारार्थी हलत होती.

"वजन लावलं होतंस ना? कड्या तुटल्या नाहीत ना? मग चाचणी झाली. किती वेळ, ते वाक्यात आहेच कुठं?"

"नाही, म्हणूनच तर, सर. वाचणारा पूर्ण वेळ धरणार."

"धरू दे की. तुझ्या ताणाच्या चाचण्या भक्कम आहेत. एका वाक्यासाठी आख्खं घर कोण पाडतं?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "कारखानदाराचा पहिला माल मंगळवारी कंत्राटदाराकडे जातोय. तो मला रोज फोन करतोय, निबंध आला का म्हणून. त्याला काय सांगू, आमची पोरगी कड्या टांगून देव पाण्यात घालून बसलीय?"

"मंगळवारी?" भिंगरीला हे ठाऊक नव्हतं. "म्हणजे माणसं त्या कड्यांवर लटकणार?"

"नाही तर काय शोकेसमध्ये ठेवणार?" सर म्हणाले, मग आपल्याच बोलण्याचा त्यांना किंचित धक्का बसल्यासारखं झालं. "राहू दे टांगलेल्या. नाही तुटायच्या. पण सोमवारी प्रूफ गेलं पाहिजे."

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हती. आजवर ती स्वतःच्या जागेची चिंता करत होती. आता त्या तीन कड्यांखाली तिला वजनाच्या चकत्यांऐवजी पाय दिसू लागले. बाहेर कुठं बादली आपटली की ती जाळीकडे धावे. शनिवारी कड्या जशाच्या तशा होत्या. रविवारी रखवालदाराची मनधरणी करून ती आत गेली. तेव्हाही त्या तशाच, मख्ख. रखवालदार म्हणाला, "बाई, पाळण्यातल्या बाळालासुद्धा कुणी इतकं बघत नाही." टिकाव्यात असं वाटे, आणि क्षणभराने वाटे, टिकल्या तरी केवळ तीनच; मालात किती असतील? रस्त्यावरून जाताना ती उगाचच मान वर करून इमारतींच्या काचा पाहू लागली. मामांचा फोन येई, ते एकच विचारत, "आहेत?" ती म्हणे, "आहेत," आणि दोघंही फोन तसाच कानाला धरून ठेवत.

सोमवारी सकाळी तिने प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा मधली तरफ तिरकी झालेली दिसली. चकत्या खालच्या वाळूच्या पेटीत रुतल्या होत्या. डावी-उजवी कडी शाबूत होती; मधली दोन तुकडे होऊन पडली होती. तिने तुकडा उचलून खिडकीशी धरला. पोलाद ताणलं जाऊन तुटतं तेव्हा आधी बारीक होतं, त्याला मान येते. इथं तसलं काही नव्हतं. काचेसारखा सरळ, चमचमता, दाणेदार काप. हायड्रोजनने आतून पोखरलेली कडी कुणाला सूचना न देता तुटली होती.

तिला वाटलं होतं की हातपाय गळतील. उलट ते पहिल्यांदाच स्थिर झाले. तिने तुकडे कागदावर ठेवले, त्यांची छायाचित्रं घेतली आणि मग मामांना फोन लावला.

"तुटली. मधली."

मामांचा श्वास ऐकू आला. "मी येतो. आपण नीट वाक्य करू."

"या. पण वाक्य मी करणार. तुम्ही फक्त स्पेलिंग बघा."

"बरं," मामा म्हणाले. एवढ्या लहान शब्दात तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तिने नियतकालिकाला लिहिलं: निबंध थांबवा. त्यातलं एक वाक्य घडलेलं नव्हतं. ती चाचणी आम्ही आता केली. तीनपैकी एक कडी चार दिवस पुरे व्हायच्या आत तुटली. इंग्रजी ओबडधोबड होतं; मामांनी येऊन फक्त स्पेलिंग पाहिलं. पाठवण्याचं बटण दाबताना तिला बुधवार आठवला, आणि तिने ते दाबलं.

मग तुकडे घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी ते हातात घेतले. तुटलेल्या कापावरून अंगठा फिरवला आणि चटकन मागे घेतला.

"तू पाठवलंस?"

"हो."

"मला न विचारता."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्हालाच अडचणीत टाकलं असतं, सर."

सरांनी तुकडा हातातच धरून विचारलं, "बुधवारी मुलाखतीच्या समितीपुढे काय दाखवशील?"

"हेच. दुसरं आहे काय माझ्याकडे?"

सरांनी फोन ओढून कारखानदाराला लावला. त्याचा आवाज पलीकडून उत्साहात आला. भिंगरीला तो टेबलाच्या या बाजूलाही ऐकू येत होता. सरांनी घसा साफ केला. "प्रस्तुत अभ्यासाच्या अनुषंगाने काही प्राथमिक निरीक्षणांवरून असा निष्कर्ष..." असं त्यांनी सुरू केलं, आणि थांबले. हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"अहो, कडी तुटली," ते म्हणाले. "उद्याचा माल सोडू नका. एकही कडी बाहेर जाऊ देऊ नका."

पलीकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. सर उत्तरं देत राहिले आणि बोलता बोलता त्यांनी हातानेच भिंगरीला दाराकडे खूण केली: जा, अजून दोन टांगलेल्या आहेत.