मला गेटवर टांगू नका

ओळखपाळख नंतर करू. आधी एक गोष्ट कानावर घालतो: मी मेलेलो नाही. मी होडीच्या मागच्या फळीवर टांगायचं मशीन आहे. वर डोकं, खाली पाण्यात बुडणारा पाय, पायाला पंखा आणि पुढे हातात धरायची, फिरवली की वेग वाढवणारी मूठ. चिखल्याच्या किनाऱ्यावर मला सगळे ‘म्हातारा’ म्हणतात. म्हणोत बापडे. म्हातारा तर मी आहेच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही आणि आठवायची हौसही नाही. मला आठवतं ते लाकडी खोकं, त्यातला भुसा आणि फळी उचकटून आत डोकावलेले दोन चेहरे. थोरला चिमण तांडेल आणि त्याचा धाकटा भाऊ लाहू. तोवर त्यांची होडी शिडावर नि वल्ह्यांवर चालायची. त्यांनी मला मागे बसवलं, पेट्रोलवर चालू केलं, आणि होडी अशी पळाली की चिमणची टोपी उडून पाण्यात गेली. ती घ्यायला दोघांपैकी कुणीही होडी वळवली नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी राबलो. बोंबील, मांदेली, नशीब असेल तेव्हा पापलेट, जे जाळ्यात आलं ते किनाऱ्याला आणलं. माणसांची एक खोड तेव्हाच कळली. मशीन चालू झालं की म्हणतात ‘मी चालू केलं’, आणि नाही झालं की म्हणतात ‘मशीनच खराब आहे’.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा, ही सगळ्यांची रीत. चिमणची त्यावर स्वतःची एक जादा रीत होती. समुद्राच्या आधी एक नारळ तो माझ्या पायावर फोडायचा, नव्या गाडीच्या चाकापाशी फोडतात तसा. वर हळद, कुंकू, झेंडूचा हार. भक्तीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार नारळाच्या शेंडीबद्दल आहे. माझ्या पायाला बारीक झरोके आहेत. तिथून मी समुद्राचं पाणी ओढतो, अंगभर फिरवतो आणि मागच्या भोकातून त्याची धार सोडतो. माझं डोकं थंड राहतं ते त्या पाण्यामुळे. एका वर्षी नारळाचा काथ्या त्या झरोक्यांत अडकून राहिला. समुद्रावर गेल्यावर तो आत ओढला गेला आणि पाणी फिरवणाऱ्या रबरी चक्राला गुंडाळला. धार बंद झाली. मी तापलो, करकरलो, आणि माझा पिस्टन जागच्या जागी चिकटून बसला.

मूठ तेव्हा लाहूच्या हातात होती. दुसऱ्या होडीने आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं. चिमणने माझ्या डोक्याला हात लावला, त्याला चटका बसला, आणि सगळ्या किनाऱ्यासमोर त्याने उचलली जीभ लावली टाळ्याला.

“पेट्रोलमध्ये तेलच टाकलं नाय यानं. मशीन जाळलं.”

माझ्यासारख्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, नाहीतर आतले भाग एकमेकांना घासून खातात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. लाहूने तेल टाकलं होतं. त्याने तसं सांगितलंही, पण थोरल्यापुढे त्याचा आवाज कधी चढला नव्हता, तो त्या दिवशी कुठून चढणार? खरं काय ते मला माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. इतका संताप मला आयुष्यात दुसऱ्यांदा आला नाही.

त्यानंतर ‘मशीन जाळणारा लाहू’ हीच त्याची ओळख झाली. कुणी त्याला होडीवर घेईना. तो लोकांच्या चिकूच्या वाड्यांत मजुरीला जाऊ लागला आणि किनाऱ्याची वाट त्याने टाकली. मी चिमणच्या पडवीत, जुन्या जाळ्यांखाली पडलो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. त्यांना काय कळतंय, त्यांना मी माफ केलं. समोरून नव्या मशिनी सळसळत जायच्या, न धूर, न आवाज. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. त्यांना मी माफ केलेलं नाही.

यंदा नविनभाई आला. त्याचं गावाबाहेर नवं रिसॉर्ट होतंय. त्याने मोबाईलवर माझे फोटो काढले.

“आ तो एकदम एन्टिक पीस छे, चिमणकाका. सोनेरी रंग मारू, आत बल्ब लावू, गेटवर टांगू. लोक सेल्फी काढतील.”

चिमण हो म्हणाला. रविवारी टेम्पो येणार, असं ठरलं. मी, समुद्र कापलेला, आणि माझ्या डोक्यात बल्ब!

ही बातमी लाहूच्या मुलीला, निलमला कळली. डहाणू रोडला तिचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. जुन्या स्कूटर खोलून तिचा हात तयार झालाय. ती सरळ पडवीत आली.

“काका, रविवारपर्यंत मशीन मला द्या.”

“काय करशील त्याचं? तुझ्या बापानं जाळलंय ते.”

“जळलं कसं, तेच बघायचंय. चालू नाय झालं तर मी स्वतः टेम्पोत चढवून देते.”

“आणि झालं तर?”

“तर होडीला लावायचं आणि बाबांच्या हातात द्यायचं.”

चिमण हसला. “ने.”

तिने मला गॅरेजात नेलं. गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजवले, चिकटलेल्या पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकत राहिली. दुखलं. दुखू दे म्हटलं, पडवीत काहीच दुखत नव्हतं. पोट उघडल्यावर ती थांबली आणि तिने दोघा भावांना फोन करून बोलावून घेतलं. चिमण आला. लाहू वाडीतून तसाच आला, हाताला चिकूचा चीक लागलेला.

“काका, इथं बोट लावा.”

चिमणने माझ्या आतल्या बेअरिंगवर बोट फिरवलं, चिमटीत चोळलं. “तेल आहे.”

मग तिने माझा पाय खोलला. जळून वाकडं झालेलं रबरी चक्र बाहेर आलं, आणि त्याला गुंडाळलेला काळा पडलेला काथ्या. चिमणने त्याचा एक धागा ओढून बघितला.

“नारळाचा आहे,” तो म्हणाला. “मीच फोडलेला.” मग लाहूकडे न बघता म्हणाला, “तू तेव्हा बोलला का नाय?”

“बोललो होतो, दादा. तू ऐकलास नाय.”

उमरगावच्या एका भंगारवाल्याकडे माझ्याच जातीचं एक मशीन पडलं होतं. त्याचा पिस्टन आणि रबरी चक्र आणायला चिमण स्वतः गेला.

रविवारी चिमणच्या अंगणात पाण्याने भरलेल्या पिंपावर मला टांगलं होतं. टेम्पो येऊन उभा राहिला. निलमला दिलेला शब्द चिमण मोडणारा नव्हता. चालू झालो नसतो तर मी गेलोच असतो. निलमने दोरी ओढली. मी खोकलो. पुन्हा ओढली, पुन्हा नुसता खोकला. नविनभाईच्या माणसांनी हात पुढे केले. मला हात लावू नका, असं मला ओरडायचं होतं, आणि पुढच्या झटक्याला मी ओरडलो. अंगणभर निळा धूर, कोंबड्या पसार, आणि मागच्या भोकातून पाण्याची सणसणीत धार.

“चालू छे? तो वधारे सारू, आणखीच छान,” नविनभाई खूश झाला. “गेस्टला फिरवू.”

“गेटवर होडीचा नांगर टांगा, नविनभाई,” चिमण म्हणाला. “हे कामावर चाललंय.” आणि त्याने लाहूचा हात धरून माझ्या मुठीवर ठेवला.

आता मी रोज समुद्रावर असतो. धूर करतो, पेट्रोल जास्त पितो, दमेकऱ्यासारखा खोकतो, आणि यातलं काहीही सोडायचा माझा विचार नाही. चिमण होडीत पुढे बसून धाकट्याचं ऐकतो. लाहू मात्र घाबरतो. मूठ अर्धीच फिरवतो आणि सारखा वळून माझी धार बघतो. लाहू, तुला एकच सांगणं आहे. तू मला जाळलं नाहीस. माझी काळजी करू नको. वारा पाठीशी आहे, पाणी मोकळं आहे. फिरव मूठ.